वीस हजेऱ्या, सतरा दिवस

१

चेतना लंजे हिने तीन दिवस चोरले होते. निदान संस्थेच्या कम्प्युटरचं तरी तसं म्हणणं होतं. आणि कम्प्युटर काही कुणाचा सोयरा नाही की वैरी नाही, म्हणून सगळ्यांनी ते खरं धरलं.

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडच्या आसपासच्या सात गावांनी मिळून काढलेली हिरानखी बियाणे सहकारी संस्था. तिथे नवीन माणूस घेतला की नोव्हेंबर महिना त्याच्या परीक्षेचा. महिना सरळ गेला तर नोकरी कायम, कुठे लबाडी दिसली तर त्याच दिवशी घरी. चेतनाचा महिना संपला. व्यवस्थापक उमेंद्रने रिपोर्ट काढला, तर महिन्यात कामाचे दिवस सतरा आणि अंगठ्याच्या मशीनवर चेतनाच्या हजेऱ्या वीस.

"म्हणजे ऑफिसले कुलूप असताना तीन दिवस अंगठा लागला," उमेंद्र म्हणाला. "मशीनचं घड्याळ फिरवल्याशिवाय हे होत नाई, बाई. मशीनच्या डब्याची चाबी शिपायाजवळ, मुन्नालालजवळ राहते. दोघांनी मिळून केलं."

हे ऐकून घेत होत्या सावित्रीबाई रहांगडाले. आमगावच्या. सहकारी संस्थांचं ऑडिट करता करता केस पांढरे झालेल्या आणि निवृत्तीनंतरही अशा भानगडींना हमखास बोलावल्या जाणाऱ्या. त्यांना दोन गोष्टींचा मनापासून राग होता. एक गोड चहा आणि दुसरं, 'मशीन खोटं बोलत नाही' हे वाक्य. इथे पाय ठेवल्यापासून दोन्ही त्यांच्यासमोर आले होते.

"चार वाजता संचालकांची सभा आहे," अध्यक्ष परसराम डोंगरवार म्हणाले. सत्तरीचा माणूस, आवाजात खेद होता. "पोरीले काढावं लागन. पन काढण्याआधी तुमी एकदा पाहून घ्या, म्हनून तुमाले बोलावलं. सात गावात नाव जाईल तिचं."

सावित्रीबाईंनी चहाचा कप हळूच बाजूला सरकवला.

"एकच सांगा. अंगठा लावला तेव्हा ऑफिस बंद होतं, ते तीन दिवस कोणते?"

उमेंद्रने रिपोर्टचं पान उलटून पाहिलं.

"ते नाई सांगत कम्प्युटर," तो म्हणाला. "तो फक्त एकूण सांगते."

२

चेतना बियाण्याच्या गोदामात पोत्यांना चिठ्ठ्या लावत बसली होती. काढून टाकायच्या दिवशीही काम चालूच. सावित्रीबाईंना ते आवडलं, पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही. चांगली माणसंही लबाडी करतात, हे त्यांनी नोकरीत पुष्कळदा पाहिलं होतं.

"कायले केलं हे?" त्यांनी सरळ विचारलं.

"नाई केलं." मुलीचा आवाज कोरडा होता, रडून झालेल्या माणसाचा. "ऑफिस उघडं असलं की मी आली. बंद असलं की नाई आली. एवढंच केलं."

"एकही रजा नाही? मंडईच्या महिन्यात?"

प्रश्न वावगा नव्हता. दिवाळी सरली की या मुलखात गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा आपला दिवस. दिवसा दुकानं आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही इतके पाहुणे. संस्थेचाही जुना नियम होता. सातांपैकी कोणत्याही गावाची मंडई असली की त्या दिवशी ऑफिस बंद. पण तेवढ्यावर भागतं कुणाचं? सासुरवाडीची मंडई असते, मामाच्या गावची असते, आणि रात्रभर नाटक पाहिल्यावर दुसरा दिवस झोपेचा असतो. नोव्हेंबरात पूर्ण हजेरी लावणारा माणूस या भागात शोधूनही सापडत नाही.

"मामाच्या गावची सोडली," चेतना म्हणाली. "मावशीच्या गावची सोडली. मावशी अजून बोलत नाई माझ्याशी. परीक्षेचा महिना होता ना बाई. बाबा म्हणत होते, नोकरी कायले करते, लग्न कर. मी म्हटलं, एक महिना द्या." ती थांबली. "नोकरी गेली तं दुसरी पाहीन. पन चोर म्हनून गेली तं बाबाले काय सांगू?"

 सावित्रीबाईंनी मुन्नालालला हाक मारली.

मुन्नालाल पन्नाशीचा, पोट सुटलेला आणि बोलायला सुरुवात केली की थांबणं ठाऊक नसलेला.

"चाबी मेरेपास आहे बाई, कबूल. पन मशीनची घडी फिरवता आली असती तं मी इथं झाडू कायले मारला असता? आणि मी तं महिनाभर अर्धमेलाच होतो. यंदाचं सालच बेकार. एकाच दिवशी दोन गावात जेवावं लागलं. इकडे साळा, तिकडे व्याही. एकाले नाई म्हटलं तं दुसरा रुसून राहिला. पोट असं बिघडलं का पाच दिवस छुट्टी टाकली."

"पोटाचं नंतर." सावित्रीबाईंनी मशीनमधून काढलेल्या चेतनाच्या वीस तारखा त्याच्यासमोर धरल्या. "यातली एकेक तारीख पाहून सांग. त्या दिवशी कुलूप उघडलं होतं?"

मुन्नालालने बोट ठेवत ठेवत वाचलं. तो स्वतः रजेवर होता त्या दिवसांचं गोदामातल्या हमालांना विचारून आला. परत येऊन त्याने डोकं खाजवलं.

"सारेच दिवस उघडं होतं बाई. याच्यात एकबी इतवार नाई, एकबी मंडई नाई."

३

सावित्रीबाई उमेंद्रच्या टेबलासमोर जाऊन बसल्या.

"तुमचं म्हणणं धरून चालू. घड्याळ फिरवलं. आता मला सांगा, भिंतीला सतरा खुंट्या आहेत. माझ्याजवळ वीस टोप्या. एका खुंटीवर एकच टोपी आणि एकही टोपी खाली पडलेली नाही. जमेल?"

"नाई जमणार."

"मशीनमध्ये वीस वेगवेगळ्या तारखा आहेत. एकही सुट्टीची नाही. घड्याळ फिरवा, उलटं टांगा, विहिरीत टाका. पण उघडे दिवस सतराच असतील, तर वीस तारखा त्यांत बसणारच नाहीत. आणि त्या तर बसल्यात."

उमेंद्र रिपोर्ट पुन्हा चाळू लागला. खिडकीतून धानाच्या भुशाचा वास येत होता.

"टोप्या मी मोजल्या," सावित्रीबाई म्हणाल्या. "खुंट्या कुणी मोजल्या?"

"प्रोग्राम हिमांशूचा. गोंदियाचा पोरगा आहे, दोन वर्षांपासून तोच पाहते."

"आणि सुट्ट्या कुणी भरल्या त्यात?"

उमेंद्रच्या कपाळावर घाम आला. डिसेंबरच्या थंडीत.

"ऐकलंय मी की या जागेसाठी तुमच्या मेव्हणीचाही अर्ज होता," सावित्रीबाई अगदी शांतपणे म्हणाल्या.

"होता. नाई झालं तिचं. पन म्हनून मी..." उमेंद्र खुर्चीतून अर्धवट उठला. "सुट्ट्या मीच भरल्या बाई. सात गावच्या सात मंडया, प्रत्येक सरपंचाले फोन करून. एकबी तारीख खोटी निघाली तं मले काढा, तिले नको."

त्याच्या डोळ्यांत राग होता, भीती नव्हती. सावित्रीबाईंना तीच गोष्ट खटकली. लबाड माणूस असा पैजेवर येत नाही.

४

हिमांशू बिसेन पंचविशीचा. केस कपाळावर, बोटं सतत काहीतरी टाइप केल्यासारखी हलणारी. त्याने गोंदियात राहून हा प्रोग्राम एकट्याने लिहिला होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"मला शिकव," सावित्रीबाई म्हणाल्या. "पहिलीच्या पोराला शिकवावं तसं. दोन तारखांमधले कामाचे दिवस तू कसे काढतोस?"

"इझी आहे मॅडम. शेवटच्या तारखेतून पहिली वजा करायची."

"तीस तारखेतून एक तारीख वजा. एकोणतीस." सावित्रीबाईंचे डोळे चमकले. "पण महिना तर तीस दिवसांचा. एक दिवस तर इथंच गेला."

हिमांशू हसला. "वो तो सब नए लोग भूलते हैं, मॅडम. दोन्ही टोकं धरायची तर एक मिळवावा लागते. मी मिळवला आहे. बघा, तीस."

सावित्रीबाई खट्टू झाल्या. हाती आलेलं निसटलं होतं.

"पुढे?"

"पुढे रविवार काढायचे. पाच. पंचवीस उरले. मग हे सुट्ट्यांचं टेबल. एका सुट्टीची एक ओळ, तारीख आणि कारण. महिन्यात किती ओळी येतात ते कम्प्युटर मोजते. एक सरकारी सुट्टी, सात मंडया. आठ. पंचवीसमधून आठ गेले, सतरा."

सावित्रीबाईंनी कागदावर मांडून पाहिलं. सतरा. उमेंद्रने एकेका गावाचं नाव वाचलं. तिथे बसूनच दोन सरपंचांना फोन लावले, तारखा बरोबर निघाल्या. तारखा खऱ्या, वजाबाकी खरी, हजेरी खरी आणि तरी मुलगी चोर. इतक्या वर्षांत असा हिशेब त्यांच्यापुढे आला नव्हता.

बाहेर मोटारसायकली येऊन थांबू लागल्या. संचालक जमत होते.

"आता याच्यावर उपाय नाई," उमेंद्र उसासा टाकून म्हणाला. त्याचा राग ओसरला होता. "यंदा मंडयांचं तंत्रच बिघडलं बाई. पूर्वी सात गावचे पाटील एकत्र बसायचे, एकाचा दिवस दुसऱ्याले आडवा येऊ नये म्हनून. आता कोनी कोनाले विचारत नाई. पोरं नागपूर-पुण्यात कामाले गेली, त्यांले सोय व्हावी म्हनून दोन गावांनी तं सरळ रविवार धरला."

सावित्रीबाईंचा हात कागदावरच थबकला.

रविवार. आणि मुन्नालालचं बिघडलेलं पोट.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग उठून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं.

"मुन्नालाल," त्यांनी हाक मारली, "गोदामातून मूठभर धान आण."

५

सभेच्या टेबलावर नोव्हेंबरचं पान पसरलं होतं. भोवती सात गावांचे सात संचालक. एका टोकाला चेतना उभी होती, दुसऱ्या टोकाला हिमांशू. परसराम मधोमध बसले होते आणि त्यांना हा काय प्रकार आहे ते कळत नव्हतं.

"प्रत्येकाने धानाचा एक दाणा घ्या," सावित्रीबाई म्हणाल्या. "आपल्या गावची मंडई ज्या दिवशी झाली, त्या चौकोनात ठेवा."

"हे कायले?" संचालक बकाराम म्हणाले.

"माझ्या हौसेसाठी. ठेवा."

सगळ्यांत आधी परसरामांनी ठेवला. त्यांच्या पाठोपाठ दोघांनी ठेवले, वेगवेगळ्या चौकोनांत. पुढच्या दोघांचे दाणे लाल आकड्यांवर पडले, दोन रविवारी. मग बकारामांनी आपला दाणा एका गुरुवारी ठेवला. शेवटी रुख्माबाईंनी हात पुढे केला आणि त्यांचा हात बकारामांच्या दाण्यावर येऊन अडला.

"ठेवा की," सावित्रीबाई म्हणाल्या.

"आमची बी गुरुवारीच होती," रुख्माबाई म्हणाल्या. "नाटकवाल्या मंडळीले आमी आधी सांगितलं होतं. यांनी मधातून पळवली. मंग आमी बी त्याच दिवशी दुसरी मंडळी आनली."

"पळवली नाई, विसाराचे पैसे आमी दिले होते," बकाराम म्हणाले.

"ते भांडण पुढच्या सभेला." सावित्रीबाईंनी सरकारी सुट्टीच्या चौकोनात आठवा दाणा ठेवला. "हिमांशू, दाणे किती?"

"आठ."

"आता दाणे मोजू नको. या दाण्यांमुळे बंद झालेले चौकोन मोज. जे रविवार आधीच बंद होते, ते धरू नको."

हिमांशूचं बोट पानावरून फिरलं. दोन लाल चौकोनांपाशी ते थांबलं आणि पुढे गेलं. गुरुवारपाशी पुन्हा थांबलं, आणि तिथेच राहिलं. 

"पाच," तो म्हणाला. आवाज बसला होता. "पंचवीसमधून पाच. वीस."

चेतनाने टेबलाची कड धरली.

"एका दिवशी दोन गावांची मंडई असली तरी ऑफिसला कुलूप एकदाच लागतं," सावित्रीबाई म्हणाल्या. "याचा प्रोग्राम ओळी मोजतो, म्हणून तो गुरुवार दोनदा वजा झाला. ते दोन रविवार एकदा रविवार म्हणून गेले, परत मंडई म्हणून गेले. तीन दिवस चोरीला गेले ते असे. पूर्वी पाटील एकत्र बसून दिवस ठरवायचे, दोन दाणे एका चौकोनात पडतच नव्हते. तेव्हा ही चूक असती तरी दिसली नसती. उमेंद्र, तुमची एकही तारीख खोटी नाही."

उमेंद्रने मान खाली घातली. पण त्याचे खांदे सैल झाले.

"पन मंग आमच्या हजेरीत कोनाले खोट काऊन नाई दिसली?" मुन्नालालने दारातून विचारलं.

"तू किती दिवस आलास?"

"पंधरा."

"आणि बाकीचे त्याहून कमी. सतराच्या वर कुणी गेलंच नाही, तर खोट दिसणार कशी? जी एकही दिवस चुकली नाही, तीच तेवढी सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात असं म्हणतात. इथे तर चोरच नव्हता, तरी तुम्ही दोर घेऊन बसला होतात."

 परसरामांनी नोकरी कायम केल्याचा कागद मागवला, सही केली, आणि बसल्या जागेवरून नाही, उठून, टेबलाला वळसा घालून तो चेतनाच्या हातात दिला.

"पोरी," ते म्हणाले, "आमी चुकलो."

चेतनाने मान हलवली.  समोरचा ग्लास उचलून ती एका दमात पाणी प्यायली.

६

चहा आला. सभा संपल्यासारखे सगळे बोलू लागले. बकाराम आणि रुख्माबाईंनी विसाराचं भांडण पुन्हा काढलंही. फक्त हिमांशू कोपऱ्यातल्या कम्प्युटरपाशी बसून होता. ओळींऐवजी दिवस मोजायचे, एक दिवस एकदाच धरायचा आणि रविवारी आलेली सुट्टी धरायचीच नाही, एवढी दुरुस्ती त्याने केली होती.  नवीन हिशेबाने त्याने चेतनाचा रिपोर्ट पुन्हा काढला. वीस. मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, गेल्या वर्षीचा काढला.

तो उठला नाही. सावित्रीबाईंनी त्याचा चेहरा पाहिला आणि जवळ गेल्या.

"काय झालं?"

"मॅडम, गेल्या वर्षीही एका गावाची मंडई रविवारी होती." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "एक दिवस कमी आला होता. राहुल होता तेव्हा परीक्षेवर. त्याची एक हजेरी जास्त निघाली होती."

टेबलावरची बडबड थांबली. राहुल म्हणजे परसरामांच्याच गावचा मुलगा. गेल्या डिसेंबरात त्याला याच खोलीत बोलावून घरी पाठवलं होतं. दिवस एकच, म्हणून बोभाटा नको असं ठरलं आणि चौकशीही झाली नाही. बोभाटा मात्र व्हायचा तो झालाच. आता राहुल चिचगडकडे जंगलच्या मालाच्या वजनाचं, तोलाईचं काम करत होता. वर्षभर गावी आला नव्हता.

"त्यानं काही म्हटलं नव्हतं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"म्हणत होता, मी नाई केलं," परसराम हळू म्हणाले. "मी म्हटलं, मशीन खोटं बोलत नाई."

 मग चेतना पुढे आली. हातातला कागद तिने टेबलावर ठेवला.

"ती जागा त्याची होती," ती म्हणाली. "त्याले काढलं म्हनून मले भेटली. त्याले बोलवा."

सावित्रीबाईंना त्या मुलीचा इतका अभिमान वाटला की त्यांनी चष्मा पुसायला घेतला. उमेंद्रने घसा खाकरला.

"कागद उचल," तो चेतनाला म्हणाला. "तुझा तुझ्याजवळच राहू दे. उन्हाळी धानाचं बियानं सुरू झालं का एका माणसानं होत नाई, हे मी दर सभेले रडून राहिलो. दोन जागा भरा."

परसरामांनी संचालकांकडे पाहिलं. सातही हात वर झाले. बकाराम आणि रुख्माबाईंचे एकाच वेळी.

राहुलचा नंबर हिमांशूजवळ होता. त्याने लावला आणि फोन परसरामांच्या हातात दिला. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. पलीकडे तराजूची खडखड, माणसांचा गलका, मग राहुलचा आवाज.

"राहुल, मी परसराम बोलून राहिलो. अध्यक्ष." म्हाताऱ्याने श्वास घेतला. "त्या वेळी तू खरा होता. चूक आमची होती, आज सापडली. सारे इथं बसले आहेत. तू ये. जागा आहे."

पलीकडे गलका तसाच चालू होता. 

"आईले सांगितलं काय?" राहुलने विचारलं.

"नाई. आधी तुले लावला."

"तिले सांगा. सालभर ती कोनाच्या मंडईले गेली नाई." त्याचा आवाज फाटला. "तिले घरी जाऊन सांगा, साऱ्यांसमोर सांगा. मंग मी येतो."

परसरामांनी फोन ठेवला आणि उठून पायांत चपला घातल्या. बाकीचे सहाही उठले. मोटारसायकली एकेक करत सुरू झाल्या. सावित्रीबाईंच्या परतीच्या गाडीची वेळ झाली होती, पण त्या चेतनाच्या स्कूटीवर मागे बसल्या आणि म्हणाल्या, "चल, मलाही त्या माउलीला भेटायचंय."